भावाच्या नावे

जुन्या पेढ्यांवरील वह्या चाळताना जाणकाराच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. नव्याने लिहू लागलेल्या मुलाची रोजकीर्द शब्दांनी भरलेली असते. रक्कम का दिली, कोणाच्या सांगण्यावरून दिली, चूक झाली ती कोणाची, हे सारे तो विस्ताराने लिहितो. कारण आपल्यावर विश्वास ठेवला जाईल की नाही याची त्याला खात्री नसते. पुढे हात बसतो, माल ओळखता येऊ लागतो, आणि नोंदीतून लिहिणारा हळूहळू मागे सरून माल पुढे येतो. वही तीच, अक्षरही तेच. पण माणूस बदललेला असतो.

कलावंताच्या आयुष्यात असा बदल तारीखवार पाहावयास मिळणे दुर्मीळ. चित्रे शिल्लक राहतात, पण ती काढताना हाताला काय सुचत होते, घरात किती पैसे होते, मनात कोणते भय होते, याची नोंद बहुधा राहत नाही. विख्यात डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या बाबतीत ती राहिली. त्याने लिहिलेली ८०० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६५० त्याच्या धाकट्या भावाला, थिओला, लिहिलेली आहेत. ही पत्रे म्हणजे एका अर्थी दोन भावांमधील खतावणीच होय. तिच्यात एका बाजूस पैसा आहे, दुसऱ्या बाजूस चित्रे आहेत, आणि शिल्लक काय निघते हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा आहे.

पेढीवरचा मुलगा

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. पण घराण्यात चित्रांचा व्यापार होता. त्याचे एक काका गूपिल या मोठ्या चित्रविक्री पेढीचे भागीदार होते. त्यांच्या ओळखीने सोळाव्या वर्षी, १८६९ मध्ये, व्हिन्सेंट त्या पेढीच्या हेग येथील शाखेत लागला. चार वर्षांनी लहान असलेला थिओ १८७३ मध्ये त्याच पेढीच्या ब्रुसेल्स शाखेत आला.

थिओला लिहिलेले उपलब्ध असलेले पहिले पत्र सप्टेंबर १८७२ मधील आहे. त्या काळातील पत्रांत स्वतःच्या चित्रांचा विषयच नाही, कारण तो चित्रकार नव्हता. थोरल्या भावाने धाकट्याला द्यावा तसा उपदेश त्यांत आहे. भरपूर फिर, भरपूर पाहा, आवडेल ते मनापासून आवडून घे, असा. आवडत्या चित्रकारांच्या लांबलचक याद्याही आहेत. मालाची पारख होती. परंतु गिऱ्हाइकापुढे मन मारून बोलणे त्याला जमेना. १८७६ मध्ये पेढीने त्याला निरोप दिला.

मग शिक्षकी झाली, पुस्तकांच्या दुकानातील नोकरी झाली, धर्मोपदेशक होण्याचा प्रयत्न झाला. बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात त्याने आपले कपडे खाणकामगारांना वाटून टाकले आणि स्वतः गवतावर झोपू लागला. ज्या संस्थेने त्याला पाठविले होते, तिलाही हा अतिरेक मानवला नाही व तिने त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. घरच्यांच्या दृष्टीने सत्ताविशीतला हा मुलगा बुडीत खाती जमा झाला होता. १८७९ च्या उन्हाळ्यात दोघा भावांत बोलाचाली झाली आणि सुमारे दहा महिने पत्रे थांबली.

पन्नास फ्रँकांची पोच

जून १८८० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. निमित्त पैशाचे होते. थिओने वडिलांच्या हाती ५० फ्रँक ठेवले होते, ते व्हिन्सेंटला मिळाले आणि त्यांची पोच देण्यासाठी त्याला लेखणी उचलावी लागली. त्या पोचपावतीचे एक प्रदीर्घ पत्र झाले. आळशी दोन प्रकारचे असतात, एक स्वभावाने आळशी आणि दुसरा हातपाय बांधले गेल्यामुळे निष्क्रिय झालेला, अशा आशयाचे त्यात विवेचन आहे. वसंत ऋतूत पिंजऱ्यात अडकलेल्या पक्ष्याचा दाखला आहे. आपण कशाला तरी उपयोगी पडू शकतो हे त्याला ठाऊक आहे. पण ते काय, हे सांगता येत नाही. पत्र वाचताना जाणवते की हा माणूस आपली पत मागतो आहे आणि तारण म्हणून दाखविण्यासारखे त्याच्याजवळ काहीही नाही.

दोन महिन्यांनी आलेल्या पत्राचा सूर मात्र वेगळा आहे. त्याने चित्रकार होण्याचे ठरविले होते. आता पत्रात मागण्या येतात, आणि त्या नेमक्या आहेत. मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या छापील प्रती पाठव, अमुक अभ्यासक्रम मिळव. बार्ग याच्या कोळशाने काढावयाच्या ६० नमुन्यांचा संच त्याने पुरा केला आणि पुन्हा पहिल्यापासून गिरविला. ज्याला दोन महिन्यांपूर्वी आपली बाजू मांडण्यास अनेक पाने लागली, त्याला आता बाजू मांडण्यास फारशी सवड उरली नव्हती. कामामुळे पत्रात पडलेला हा पहिला फरक होय.

हेग : हत्यारे आणि दर

१८८२ च्या आरंभी तो हेग येथे राहावयास गेला. नात्यातील प्रसिद्ध चित्रकार मॉव्ह यांनी त्याला सुरुवातीचे धडे दिले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये दुसऱ्या एका काकांनी, तेही चित्रांचे व्यापारी, हेग शहराच्या दृश्यांची १२ रेखाटने मागविली. दर विचारल्यावर व्हिन्सेंटने नगास अडीच गिल्डर सांगितला. म्हणजे एकूण ३० गिल्डर. काकांची मागणी येणे ही त्याच्या दृष्टीने मोठी घटना होती आणि तिचे वर्णन पत्रात सविस्तर आले आहे.

हेगच्या पत्रांत हत्यारांची चर्चा आहे. जवळचे मोठे व दूरचे लहान कसे दिसते हे अचूक पकडता यावे म्हणून त्याने सुताराकडून व लोहाराकडून दोरे ताणलेली एक चौकट करवून घेतली. ती समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत कशी रोवावयाची, याचे रेखाटन पत्रातच काढून पाठविले. कागद कोणता, शाई कोणती, खडूचा कस कसा, हे तो पुनःपुन्हा लिहितो.

पण त्याच पत्रांत भांडणेही आहेत. थिओ आता गूपिलच्या पॅरिस येथील शाखेचा व्यवस्थापक होता आणि त्याच्याकडून महिन्याला १५० फ्रँक येऊ लागले होते. ते पन्नास-पन्नासच्या तीन हप्त्यांत येत. हप्ता येण्यापूर्वीच हात रिकामा होई. मॉडेल म्हणून बसणाऱ्यांना पैसे द्यावे लागत. एक निराधार स्त्री व तिची मुले त्याच्या आश्रयाला होती, हे घरच्यांना मान्य नव्हते. देणारा काही बोलला नाही तरी घेणाऱ्याला टोचत राहते, आणि बोलला तर त्याहून अधिक. या काळातील कित्येक पत्रांत आभार व आरोप एकाच पानावर शेजारी नांदतात.

नोंदीचे नाव बदलले

१८८३ च्या अखेरीस तो न्यूनेन येथे आई-वडिलांकडे परतला. तेथून १८८४ च्या प्रारंभी त्याने थिओपुढे एक प्रस्ताव ठेवला. व्यापारी घरातील वाचकांना त्याचे मर्म चटकन कळेल. आजवर थिओ पाठवीत असलेली रक्कम ही मदत होती. व्हिन्सेंटने सुचविले की यापुढे आपण काढलेली चित्रे थिओकडे पाठवावीत, ती थिओच्या मालकीची समजावीत, आणि येणारी रक्कम ही आपली कमाई मानण्याची मुभा आपल्याला असावी. रकमेत फरक नव्हता, पाठविणाराही तोच होता. मात्र नोंदीचे नाव बदलत होते. दानाच्या खात्यावरून ती रक्कम मालाच्या खरेदीखाती जात होती.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर पत्रे पूर्वीसारखीच राहिली असती. ती तशी राहिली नाहीत. माल पाठवावयाचा म्हटल्यावर मालाविषयी लिहिणे भाग पडले. देलाक्र्वा याच्या रंगविचारांचे, शेजारी ठेवले असता एकमेकांना उठाव देणाऱ्या पूरक रंगांचे, काळ्या व करड्या छटांचे विवेचन पत्रांत येऊ लागले. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे अभ्यास एकामागून एक केले आणि एप्रिल-मे १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ हे चित्र उभे राहिले. दिव्याच्या उजेडात बसलेले हे लोक ज्या हातांनी ताटातले बटाटे घेत आहेत, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे आणि आपले अन्न प्रामाणिकपणे मिळविले आहे, हे चित्रातून कळावे, असे त्याने थिओला लिहिले. चेहऱ्यांचा रंग न सोललेल्या, धूळ लागलेल्या बटाट्यासारखा असल्याचेही सांगितले.

पाच वर्षांपूर्वीच्या पत्राशी हे ताडून पाहावे. तेव्हा तो स्वतःची बाजू मांडत होता. आता चित्राची मांडत होता. चित्रकार मित्र व्हॅन राप्पार्द याने या चित्राच्या शिळाछाप प्रतीवर कठोर टीका केली, तेव्हा त्याने ते पत्रच परत पाठविले आणि पाच वर्षांचा स्नेह त्यापायी तुटला. स्वभाव निवळला होता असे नव्हे. झगडण्याचे कारण बदलले होते.

कोरी पाने

मार्च १८८६ च्या सुमारास व्हिन्सेंट पॅरिसला थिओच्या घरी राहावयास आला आणि जवळजवळ दोन वर्षे राहिला. काळपट तपकिरी रंग जाऊन त्याच्या चित्रांत उजळ, स्वच्छ रंग आले ते याच दोन वर्षांत. दोघे भाऊ एकाच छताखाली असल्यामुळे पत्रे लिहिण्याचे कारण उरले नाही, आणि त्यामुळे ज्या काळात त्याची कला सर्वांत वेगाने पालटली, त्याच काळाची वही जवळजवळ कोरी आहे. त्या दोन वर्षांची साक्ष मुख्यतः चित्रांनाच द्यावी लागते.

आर्ल : रंगांचे मागणीपत्र

२० फेब्रुवारी १८८८ रोजी तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी उतरला. पुढील सुमारे पंधरा महिन्यांत त्याने २०० च्या आसपास चित्रे काढली. पत्रेही भराभर जाऊ लागली आणि त्यांचा घाट ठरून गेला. पैशाची पोच, काढलेल्या व चालू असलेल्या चित्रांचे वर्णन, आणि रंगांचे मागणीपत्र. झिंक व्हाइटच्या मोठ्या नळ्या, क्रोम यलोचे तीन प्रकार, प्रशियन ब्लू, व्हेरोनीज ग्रीन, जिरेनियम लेक. कोणता रंग कोणत्या दुकानातून घ्यावा, कुठे स्वस्त पडेल, हेही त्यात असे. काही नवे रंग काळाने उडून जातात हे त्याला ठाऊक होते. म्हणून ते आज मुद्दाम भडक लावावेत, काळ त्यांना आपोआप सौम्य करील, असे त्याने लिहिले.

चित्रांची वर्णनेही आता नेमकी झाली. ऑक्टोबर १८८८ मध्ये आपल्या शयनगृहाचे चित्र काढताना त्याने थिओला रेखाटन पाठविले आणि भिंती, फरशी, पलंग, उशा, खिडकी, दार यांचा एकेक रंग ओळीने लिहून काढला. पाहणाऱ्याच्या डोक्याला, किंबहुना कल्पनेला, विसावा मिळावा एवढाच त्या चित्राचा हेतू असल्याचे सांगितले. त्याआधी महिनाभर, रात्रभर उघड्या असणाऱ्या कॅफेचे चित्र काढताना, लाल व हिरव्याच्या झगड्यातून माणसाच्या भयंकर वासना दाखविण्याचा प्रयत्न केल्याचे त्याने लिहिले होते. रंग आता त्याच्या हाती शब्दासारखे अर्थवाही झाले होते, आणि त्यामुळे पत्रातील शब्द कमी व नेटके झाले.

येथेच त्याने भागीदारीचा विचार पुढे नेला. चित्रकारांनी एकत्र राहावे, खर्च वाटून घ्यावा, ही त्याची योजना. तिच्यासाठी चित्रकार गोगँ यालाही थिओने महिन्याला १५० फ्रँक देऊ केले. बदल्यात महिन्याला एक चित्र घ्यावयाचे ठरले. गोगँ २३ ऑक्टोबरला आला. बरोबर दोन महिन्यांनी, २३ डिसेंबरला, वाद विकोपाला गेला आणि व्हिन्सेंटने वस्तऱ्याने स्वतःचा कान कापून घेतला. भागी मोडली आणि आजाराचे पर्व सुरू झाले.

आजारातील पत्रे

मे १८८९ मध्ये तो आपण होऊन सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. तेथे झटके येत, आठवडेच्या आठवडे काम बंद पडे. सप्टेंबर १८८९ मधील एक पत्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पिवळ्याधमक शेतात पीक कापणाऱ्या माणसाचे चित्र तो काढत होता आणि हात थकला की मधल्या वेळात थोडे थोडे लिहीत होता. तो कापणी करणारा म्हणजे आपल्याला मृत्यूची प्रतिमा वाटतो, माणसे म्हणजे कापले जाणारे धान्य. पण या मृत्यूत विषण्णता नाही, कारण तो भर उजेडात, सोनेरी सूर्यप्रकाशात घडतो, असा त्याचा आशय आहे. पुढे चित्र साधल्याचा आनंद आला आहे. १८८० च्या पत्रात पक्ष्याची उपमा स्वतःसाठी योजली होती. आता उपमा शेतातून येते आणि तिच्यात सारी माणसे मावतात.

जानेवारी १८९० मध्ये ऑरिए या तरुण समीक्षकाने त्याच्यावर प्रशंसापर लेख लिहिला. व्हिन्सेंटने आभाराचे पत्र धाडले आणि आपल्यापेक्षा मोंतिचेल्ली व गोगँ यांचा मान अधिक असल्याचे कळविले. ज्या माणसाला एके काळी कोणीतरी विश्वास ठेवावा म्हणून इतके लिहावे लागले, तो आता आलेली स्तुती दुसऱ्याच्या खात्यावर जमा करीत होता.

त्याच सुमारास ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातून ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ॲना बॉख या चित्रकर्तीने ४०० फ्रँकांना घेतले. आईला ही बातमी कळविताना, इतर चित्रांच्या मानाने ही किंमत कमी आहे आणि आपल्याला बराच खर्च भरून काढावयाचा आहे, असे त्याने लिहिले. हिशेब त्याने अचूक केला होता. दरमहा १५० फ्रँकांच्या मानाने ती रक्कम तीन महिन्यांचीसुद्धा नव्हती.

शेवटची दोन पत्रे

थिओचे लग्न एप्रिल १८८९ मध्ये जोहाना बाँगर हिच्याशी झाले होते. ३१ जानेवारी १८९० रोजी त्यांना मुलगा झाला आणि त्याला काकांचे नाव, व्हिन्सेंट, देण्यात आले. काकांनी त्याच्यासाठी निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्या रंगविल्या.

मे महिन्यात व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर या गावी आला. जुलैमध्ये तो भावाच्या घरी गेला, तेव्हा थिओ पेढी सोडून स्वतःचा व्यवसाय करावा की काय या चिंतेत होता आणि बाळाची प्रकृतीही बरी नव्हती. परतल्यावर, आपण त्यांना ओझे झालो आहोत की काय, ही भीती त्याच्या पत्रात उमटली. दहा वर्षांच्या कामानेही ते शल्य गेले नव्हते.

२३ जुलै १८९० रोजी त्याने थिओला शेवटचे पत्र पाठविले. त्यात दोबिन्यी या चित्रकाराच्या बागेच्या चित्राचे वर्णन आहे, रेखाटने आहेत आणि रंगांची मागणी आहे. न पाठविलेला दुसरा एक मसुदा त्याच्याजवळ सापडला. आपण या कामावर जीव पणाला लावला आहे. आणि थिओ हा चित्रांचा निव्वळ व्यापारी नव्हे, काही चित्रांच्या प्रत्यक्ष निर्मितीत त्याचा वाटा आहे, असे त्यात म्हटले आहे. मदत, मग कमाई, आणि अखेर निर्मितीतील वाटा. त्या एकाच रकमेला मिळालेले हे तिसरे नाव. ते पत्र धाडले गेले नाही. २९ जुलैला व्हिन्सेंट गेला. तो ३७ वर्षांचा होता. सहा महिन्यांतच, २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला.

वही सांभाळणारी भावजय

खाते येथेच बंद पडावयाचे. अठ्ठाविशीतील विधवा, वर्षाचेही न झालेले मूल, आणि बाजारात मागणी नसलेल्या चित्रांनी भरलेले घर, एवढेच मागे उरले होते. पण थिओने भावाची पत्रे जपून ठेवली होती. व्हिन्सेंटला तशी सवय नव्हती. थिओची त्याला आलेली जेमतेम ४० पत्रे आज उरली आहेत. म्हणजे या खतावणीची एक बाजू जवळजवळ पूर्ण आणि दुसरी बरीचशी फाटलेली आहे.

जोहाना हॉलंडमध्ये बुसुम येथे गेली, तिने घरात पाहुणे ठेवून चरितार्थ चालविला आणि पत्रे वाचावयास घेतली. संसाराच्या जमाखर्चाची जी वही थिओने लग्नानंतर सुरू केली होती, तीत ती पुढे चित्रांच्या विक्रीच्या नोंदी करीत राहिली. ती वही आता छापून प्रसिद्ध झाली आहे. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे तिने ४७० हून अधिक कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. पत्रे मात्र तिने १९१४ पर्यंत छापली नाहीत. चित्रांची योग्यता लोकांना कळण्याआधी माणसाच्या दुःखाविषयी कुतूहल जागे करणे हा त्याच्यावर अन्याय होईल, असे तिचे मत होते. ज्या क्रमाने व्हिन्सेंटच्या लेखणीत ‘मी’ मागे सरून काम पुढे आले, तोच क्रम तिने प्रकाशनातही पाळला. १९२५ मध्ये ती निवर्तली, तेव्हा इंग्रजी भाषांतर ५२६ व्या पत्रापर्यंत झाले होते.

कुटुंबातील एखादा मुलगा किंवा मुलगी रूढ वाट सोडून कलेकडे वळू पाहते, तेव्हा घरची माणसे दोन प्रश्न विचारतात : पैसा किती लागेल आणि परत कधी येईल? ते प्रश्न रास्त आहेत. थिओपुढेही ते होते, आणि त्याच्या हयातीत त्यांचे उत्तर आले नाही. मात्र त्याच्याजवळ एक साधन होते. दर आठ-पंधरा दिवसांनी येणारे पत्र तो वाचत होता. लिहिणारा स्वतःविषयी कमी आणि कामाविषयी अधिक, अधिक नेमके बोलू लागला आहे, हे त्याला दिसत होते. बाजाराने १८९० पर्यंत जे ओळखले नाही, ते भावाने कागदावरून बरेच आधी ओळखले असावे; एरवी दहा वर्षे हप्ता चालू ठेवणे आणि एकेक चिठ्ठी जपणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडत नाहीत.